साडेतीन टनाच्या कमेंटला उत्तर

नमस्कार भाऊ, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की गाडीमागे जड ट्रेलर लावण्याबद्दल मी उगाच लोकांना घाबरवतोय, परदेशात टोयोटाची हायलक्स पिकअप ३५०० किलो ओढते, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढायचा जोर) आहे, आपल्याकडे साधा ट्रॅक्टर सोयाबीनची भरलेली ट्रॉली मंडीत नेतो, मग तुमच्या भावाचा जनरेटरचा ट्रेलर पिकअपला लावून महेश्वरला न्यायला काय हरकत आहे.

ओढायला हरकत नाहीच हो. गाडी ओढेल, मला त्याची शंकाच नाही, पण इंदूरहून महेश्वरला जाताना मानपूरच्या घाटात निमाडाकडे उतरताना तो ट्रेलर थांबवणार कोण?

ते ३५०० म्हणजे स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरचा आकडा आहे. ऑस्ट्रेलियात २००० किलोच्या वरच्या ट्रेलरला सगळ्या चाकांना ब्रेक लागतात, शिवाय ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लागतील अशी सोय लागते. बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी त्याच हायलक्सचा आकडा ७५० किलो आहे, आणि तुमच्या भावाच्या ट्रेलरला ब्रेक आहेत का हे तुम्ही लिहिलेलंच नाही. ट्रॅक्टरचं म्हणाल तर तो वीस-पंचवीसच्या स्पीडने जातो, तुम्ही ऐंशीने जाणार. स्पीड दुप्पट झाला की तेवढ्याच अंतरात थांबवायला चौपट ताकद लागते. आणि गाडीचं नाव तेच असलं तरी गाडी तीच असते असं नाही, तिथल्या इसुझु डी-मॅक्स पिकअपला ३.० लिटरचं ४५० न्यूटन मीटरवालं इंजिन मिळतं, आपल्याकडच्या डी-मॅक्स व्ही-क्रॉसला १.९ लिटर आणि ३६०, त्यामुळे तिथलं ब्रोशर इथे चालत नाही.

आता हिशोब बघा, आकडे समजायला सोपे म्हणून धरलेत. गाडी रिकामी २१००, भरून जास्तीत जास्त २९००, आणि गाडी-ट्रेलर मिळून मर्यादा ५५००. गाडी पूर्ण भरली तर ट्रेलरला उरले २६००, ब्रोशरवर काहीही छापलेलं असो. त्यात ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर दाबतो, म्हणजे २६० किलो, आणि हे लोक विसरतातच, ते वजन गाडीत भरता येणाऱ्या ८०० मधूनच (२९०० वजा २१००) जातं. चार माणसं ३००, केबल-सामान २००, हुकवरचे २६०, झाले ७६०. उरले चाळीस किलो, म्हणजे पाचवा माणूसही बसत नाही. ही सगळी मर्यादा पाळली तरी हुक, ट्रेलर ज्यावर अडकतो तो बॉल, ट्रेलरचे टायर यातलं जे सगळ्यात कमी वजन पेलू शकतं तीच तुमची खरी मर्यादा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मामांचा मंडपाचा ट्रेलर घेऊन मी स्वतः इंदूरच्या बायपासने राऊकडे निघालो होतो, मामा म्हणाले हजार-अकराशे किलो असेल, जनरेटर मागच्या बाजूला ठेवलेला कारण तिथून चढवायला सोपा, आणि सत्तरच्या आसपास स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं आणि आरशात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलताना दिसला. ब्रेक मारावासा वाटतो, स्टिअरिंग उलटं फिरवावंसं वाटतं, दोन्ही करायचं नाही. मी स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, पन्नासच्या खाली आल्यावर तो शांत झाला. शेजारी मामेभाऊ बसला होता, तो तासभर काही बोलला नाही. पुढे धरमकाट्यावर घातला तर ट्रेलर भरला १६४० किलो, डिझेल, केबल आणि लाइटचे पाइप कोणी मोजलेच नव्हते. तिथेच हुकवर वजन यावं म्हणून चार जणांनी मिळून जनरेटर फूटभर पुढे सरकवला, ट्रेलरच्या पुढच्या छोट्या चाकाखाली छोटा काटा ठेवून हुकवरचं वजन बघितलं, दीडशेच्या पुढे आलं, आणि मग तीच गाडी तोच ट्रेलर घेऊन सरळ चालली. त्यानंतर मामांनी ट्रेलरला ब्रेक बसवून घेतले.

म्हणून तुमच्या भावाला घाबरवत नाहीये, जाऊ दे त्याला महेश्वरला. फक्त निघायच्या आदल्या दिवशी भरलेला ट्रेलर काट्यावर न्या, आधी एकटा, मग गाडीला जोडून, गाडीत माणसं बसवूनच. घाट सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायला सांगा, पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की ब्रेकचे लायनर तापून वास येतो आणि नंतर पेडल दाबूनही काही होत नाही. ट्रेलरचं रजिस्ट्रेशन वेगळं लागतं, तेही बघून घ्या. काट्याच्या पावतीवरचे आकडे आणि गाडीचं मॉडेल इथे टाका, मी रात्री बसून तुमच्या गाडीचा हिशोब करून देतो.