कूलरची सेवा

होळी विझली की अकोल्यात घरोघरी कूलर खाली उतरतात. आमचा गच्चीवरच्या खोलीतून उतरतो. त्याला चार माणसं लागतात : दोन उचलायला, एक ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणायला आणि एक जिन्यात आडवं यायला.

गेल्या मे महिन्याचं लाइट बिल बघून मी यंदा निश्चय केला होता की कूलर कमी विजेत जास्त गार करून दाखवायचा. साळा म्हणाला, ‘‘भाऊजी, टाकीत बर्फ टाका.’’ झालं! फ्रीजमधल्या दह्याला, लोणच्याला नारळ मिळाला आणि आठ वाडगे पाणी गोठायला बसलं. दोन दिवसांनी मला शाळेतलं विज्ञान आठवलं (बहुतेक उकाड्यानेच वितळून वर आलं असावं). एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो. तेवढंच पाणी कूलरच्या ताटीवरून (म्हणजे बाजूच्या ओल्या पडद्यावरून) नुसतं उडून गेलं तर सुमारे २,४००! म्हणजे सातपट काम पाणी फुकटात करत होतं, आणि मी त्याच मीटरवर फ्रीज पळवून, त्याच घरात त्याची गरम हवा सोडून, बर्फ पाडत होतो.

मग गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद केल्या. कूलर म्हणजे एसी नव्हे. आत आलेली ओलसर हवा पलीकडून बाहेर पडली तरच पुढचं पाणी उडणार. संध्याकाळपर्यंत पेपर लुळा पडला, मिठाला पाझर फुटला आणि हिने पलंगावर पसरलेल्या कुरडया पुन्हा चिकात जमा झाल्या. ‘‘अहो, याला वाळवण म्हणतात,’’ ही एवढंच म्हणाली. त्या आवाजाने खोली जरा गार झाली, हे मान्य केलं पाहिजे.

शेवटी मिस्त्री बोलावला. त्याने मागची ताटी काढून बोटाने वाजवली. टक् टक् आवाज आला.

‘‘काका, हे ताटी होय का भित?’’

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. नळाचं पाणी पिण्यापुरतं, कूलरला बोअरचं. पाणी उडून जातं, क्षार तिथेच मुक्काम करतो. तीन उन्हाळ्यांचं मीठ त्या लाकडी भुशात बसलं होतं. त्यातून हवा शिरणार कुठून? पंखा १८० वॅट खाऊन जागच्या जागी घरघरत होता. बिचारा पंप जेमतेम १८ वॅटचा, आणि मी मात्र वीज वाचवायला तोच बंद ठेवायचो.

नव्या ताट्या बसल्या, टाकी दर रविवारी रिकामी करायचं ठरलं, समोरची खिडकी वीतभर उघडली. रात्री हिने गोधडी ओढली आणि पंखा एक नंबरवर आणवला.

दुसऱ्या दिवशी साळा आला. कूलरसमोर मांडी घालून डोळे मिटून बसला.

‘‘बघा भाऊजी,’’ तो म्हणाला, ‘‘बर्फाचा गुण यायला वेळ लागतो.’’