पिकलेला उंबर, पाठीशी ऊन: हळद्याबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तीन रविवार उंबराखाली उभे राहिलात, मोबाइलवर त्याची शीळही वाजवलीत, पण हळद्या, म्हणजे तो पिवळाधमक पक्षी, आला नाही. पोटावर रेघोट्या असलेला एक हिरवट पक्षी तेवढा दिसला. तेव्हा ‘उंबर गाठा, हळद्या दिसेल’ हा माझा सल्ला म्हणजे थाप आहे.

अर्धी तक्रार मान्य. ‘पिकलेला उंबर’ असं लिहायला हवं होतं. उंबर, वड, पिंपळ यांचा आंब्यासारखा एकच हंगाम नसतो. शेजारची दोन झाडंही निरनिराळ्या वेळी पिकतात. म्हणून आधी खाली बघा. चोचीने फोडलेली लालसर फळं ताजी पडली असतील आणि वर बुलबुल-तांबटांची लगबग असेल, तरच थांबा. फळं हिरवी, टणक असतील तर पुढचं झाड गाठा. उंबराची फळं खोडाला नि जाड फांद्यांना लगडतात, त्यामुळे पक्षी खालीही उतरतो. वडा-पिंपळाखाली मान मोडते.

‘उंबराखाली’ उभं राहणं हीच दुसरी चूक. खालून उजेडाविरुद्ध पिवळाधमक नरही काळाच दिसतो. सकाळी झाडाच्या पूर्वेला, वीसेक मीटर दूर, ऊन पाठीवर घेऊन उभे राहा. हळद्या फळावर फार रेंगाळत नाही. दोन-चार चोची मारून शेजारच्या दाट झाडात शिरतो. त्यामुळे दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेवर नजर ठेवा. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. फेब्रुवारीत काटेसावर फुलली की काम आणखी सोपं: मध प्यायला तो तिथे येतो आणि लपायला पानंच नसतात.

शीळ वाजवणं मात्र बंद करा. मुंबईत तो मुख्यतः थंडीतला पाहुणा, घरटं इथे नाही. दुसऱ्या नराची शीळ समजून हद्द राखायला तो धावून कशाला येईल? उगाच बाकीच्या पाखरांना त्रास. शिवाय नुसत्या शिळेवर कान ठेवलात तर त्याचा मांजरासारखा घोगरा आवाज निसटतो.

आता तो हिरवट पक्षी. चोच जाडजूड, बुडाशी राठ केस, डोळ्याभोवती उघडी कातडी असेल तर तो कुटुर्गा, तांबटाचा मोठा भाऊबंद. पण चोच सरळ, गुलाबीसर, पोट फिकं आणि शेपटीच्या मुळाशी पिवळा रंग असेल, तर ती हळद्याची मादी. पिल्लंही साधारण तशीच, फक्त चोच काळपट. फोटो काढला असेल तर आधी चोच तपासा.