लिफ्ट उचलत नाही म्हणून स्क्रू आवळू नका

पेरणी जवळ आली की आमच्या भागात एक निरोप मोबाइलवरून पुन्हा फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: नव्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट उचलेनाशी झाली तर शोरूमच्या नादी लागू नका, ते आठ दिवस घालवतात आणि वर बिल लावतात. घरच्या घरी रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू दोन आटे आवळा. तेल कमी असेल तर इंजिन ऑइल ओता, तेल ते तेलच. गळती हाताने चाचपा आणि घट्ट फडकं बांधा. कंपनी १८०० किलो उचलेल म्हणते तीच मुळात थाप आहे. वॉरंटीत हायड्रॉलिक येत नाही, आणि ग्राहक न्यायालय ट्रॅक्टरवाल्याला दारात उभं करत नाही.

यातली एकच गोष्ट मला मान्य आहे: हंगामात शोरूमचा मेकॅनिक वेळेवर येत नाही. माझ्या नव्या ट्रॅक्टरची लिफ्ट अवघे ४१ तास चालल्यावर बसली. रोटाव्हेटर मातीत, रानाला वापसा आलेला, आणि माणूस आला तिसऱ्या दिवशी. त्या तीन दिवसांत हा निरोप मला चौघांनी पाठवला. पाना हातात घेऊन मी ट्रॅक्टरच्या मागे उभाही राहिलो होतो. म्हणून हे लिहितोय.

आधी तो स्क्रू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. पंप स्वतः दाब तयार करत नाही. पंप तेल ढकलतो, आणि वाटेत अवजाराचं वजन आडवं आलं की दाब चढतो. तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल माघारी सोडतो. बहुतेक ट्रॅक्टरांत ही मर्यादा १५० ते २०० बारच्या आसपास असते, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सत्तर-नव्वद पट. पंप, पाइप, सिलिंडर फुटू नये म्हणून हा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पंपापर्यंत तेलच पोचत नसेल तर स्क्रू आवळून काहीही फरक पडत नाही, आणि फरक पडला नाही की माणूस अजून एक आटा देतो. पुढे कधीतरी मूळ बिघाड निघतो, तेल पूर्ण जोराने यायला लागतं, नांगर खडकात अडकलेला असताना लिव्हर वर ओढला जातो आणि उघडायला हवा तो व्हॉल्व्ह उघडतच नाही. मग पंपाचं सील जातं, कधी पाइप जातो, कधी सिलिंडरलाच तडा जातो. हा व्हॉल्व्ह प्रेशर गेज लावून सेट करतात. अंदाजाने फिरवायची ती वस्तू नाही. शिवाय त्याच्या स्क्रूवर पान्याचे ओरखडे दिसले की वॉरंटीचं बोलणं तिथेच संपतं.

पाना न लावता पाहण्यासारखं मात्र पुष्कळ असतं. डंपिंग ट्रॉली नुकतीच सोडली असेल तर तेल ट्रॉलीकडे वळवणारा नॉब परत फिरवलाय का ते आधी पाहा; निम्म्या वेळा तोच विसरलेला असतो. पोझिशनचा (अवजाराची उंची ठरवणारा) आणि ड्राफ्टचा (ओढीप्रमाणे खोली सांभाळणारा), दोन्ही लिव्हर जागेवर आहेत का? मग ट्रॅक्टर सपाटीवर घेऊन डिपस्टिक. अवजार सोडून लिफ्टचे रिकामे हात वर उचलले जातात का तेही बघा. रिकामे उचलतात आणि वजनाला बसतात, हा एक प्रकार. रिकामेही हलत नाहीत, हा दुसरा. मेकॅनिकला फोनवर एवढं सांगितलं तरी तो योग्य सामान घेऊन येतो. आणि कान द्या. पंप घोंगावत असेल आणि डिपस्टिकला फेस दिसत असेल तर तो कुठून तरी हवा ओढतोय. तेल पांढुरकं दिसलं तर काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी निवळलं तर ती हवा होती. दुधाळच राहिलं तर पाणी शिरलंय.

माझा पंप असाच ओरडत होता. मेकॅनिकने आल्या आल्या विचारलं, "दादा, तुम्ही काही खोललं नाही ना?" नाही म्हटल्यावर त्याने माझ्यासमोर सक्शनची जाळी, म्हणजे पंप जिच्यातून तेल ओढतो ती गाळणी, काढली. जाळीच्या निम्म्या भागावर जोडणीच्या वेळचा सिलिकॉन सीलंट चिकटलेला होता. राखाडी, करंगळीएवढा, रबरासारखा ताणला जाणारा एक तुकडा आणि त्याच्या बाजूला बारीक कात्रणं. पंप तहानलेला होता, एवढाच रोग. दोन आटे आवळून तो तुकडा तिथून हलला असता का?

आता इंजिन ऑइल. आपल्याकडच्या बहुतेक नव्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक हे सगळं एकाच तेलावर चालतं. त्या तेलाला यूटीटीओ म्हणतात, आणि त्यात ब्रेकच्या प्लेटांची पकड सांभाळणारे घटक मिसळलेले असतात. इंजिन ऑइल बनतं काजळी आणि कचरा तरंगत ठेवायला. ते पाणीही धरून ठेवतं. दोन्ही मिसळली की लिफ्ट कदाचित चालेलही, पण ब्रेक कर्कश वाजायला लागतात, धक्के देतात, आणि उसाची भरलेली ट्रॉली उतारावर असताना हे कळणं परवडणारं नाही. काही मॉडेलांत हायड्रॉलिकचं तेल वेगळं असतं, तेव्हा पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच घ्या.

इथेच ट्रॉलीचं एक सांगतो, कारण कुणी सांगत नाही. डंपिंग ट्रॉलीचा जॅक वर गेला की कित्येक लिटर तेल ट्रॅक्टरमधून त्याच्यात जातं, म्हणून पातळी कायम ट्रॉली खाली असताना तपासायची. आणि गावभर फिरलेली ट्रॉली नव्या ट्रॅक्टरला जोडली की दहा ट्रॅक्टरांचं काळं तेल, माती आणि पाणी तुमच्या सम्पमध्ये, म्हणजे ट्रॅक्टरच्या तेलाच्या टाकीत, येतं. कपलिंग पुसल्याशिवाय जोडू नका.

गळती हाताने चाचपा, हे वाचून तर अंगावर काटा येतो. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून निघणारी तेलाची धार डोळ्याला दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. वरून नुसता ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत आतलं मांस सडायला लागतं. बोट, कधी हात कापावा लागतो. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा. बाकी कामाला हात लावण्याआधी अवजार जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर दोनदा खालीवर करून अडकलेला दाब मोकळा. फक्त लिफ्टच्या भरवशावर टांगलेल्या अवजाराखाली कुणीही जाऊ नये.

१८०० किलोची थाप? तो आकडा लोअर लिंकच्या, म्हणजे अवजार जोडतात त्या खालच्या दोन दांड्यांच्या, टोकाशी मोजलेला असतो. अवजाराचं वजन त्याच्या बरंच मागे असतं, म्हणून चाचणीत ६१० मिलिमीटर मागेही मोजणी करतात आणि ती कमी भरते. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या संस्थेत अशा चाचण्या होतात. पण सहा फुटी रोटाव्हेटर सव्वाचारशे-साडेचारशे किलोच्या घरातला. तो उचलत नसेल तर तक्रार बिघाडाची करा, आकड्यांचा वाद घालत बसू नका.

वॉरंटीत हायड्रॉलिक येत नाही, हे बहुतेकांनी पुस्तिका न उघडताच मानलेलं असतं. तेल, फिल्टर, रबरी पाइप अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा वगळतात. पंप आणि लिफ्टमधला जोडणीचा दोष सहसा वगळत नाहीत. त्यासाठी पहिल्याच दिवशी तासमीटरचा फोटो, लिव्हर वर आणि हात खाली असा व्हिडिओ, आणि शोरूमला लेखी तक्रार. मेकॅनिक आला की जॉब कार्डावर बिघाडाचं कारण लिहून घ्या. "लिफ्ट चेक केली, ओके" एवढ्यावर सही करू नका.

शेवटचा दावा सरळ खोटा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे खरी, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत, हे स्पष्टीकरण त्याच कायद्यात आहे. स्वतःच्या रानासाठी ट्रॅक्टर घेणारा शेतकरी ग्राहकच. चार ट्रॅक्टर भाड्याने फिरवणाऱ्याची गोष्ट वेगळी. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात (लोक ज्याला ग्राहक न्यायालय म्हणतात) करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि ५ ते १० लाखांच्या ट्रॅक्टरला फी २०० रुपये. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आपण आधीच खोलून ठेवलेल्या लिफ्टमधून मग काय सिद्ध होणार? आणि राग आला म्हणून बँकेचा हप्ता थांबवू नका, कर्ज वेगळं आणि दोष वेगळा. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासूनही करता येते.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. जॉब कार्डावर "सक्शन जाळीत सीलंट, जाळी व तेल बदलले" असं लिहून घेतलं, पैसे लागले नाहीत. पेरणी चार दिवस मागे पडली.