‘त्या बाळाचं नाव काढू नका’ म्हणणाऱ्यांना

मूल गेलेल्या घरी कसं वागावं, याचा एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर वरचेवर येतो. मुलाचं नाव काढू नका, कपडे-खेळणी लगेच नजरेआड करा, भावंडांना ‘बाळ झोपलंय’ एवढंच सांगा, बापाने खंबीर राहावं, लवकर दुसऱ्या बाळाचं मनावर घ्यायला लावा. वर्षभरात सगळं सुरळीत होतं. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण मी रुग्णालयात समाजसेविका आहे, अशा आईबापांजवळ बसणं हे माझं रोजचं काम आहे, आणि याच सल्ल्यांनी त्यांना एकटं पाडलेलं मी पाहिलं आहे.

‘नाव काढलं की जखम ताजी होते.’ ती ताजीच असते. सकाळी डोळे उघडताच आईला पहिलं तेच आठवतं. आपण नाव घेतल्याने तिला नवीन काही कळत नाही. माणसं येतात, पाऊसपाण्याचं बोलतात, चहा घेऊन जातात, आणि तिला वाटू लागतं की माझं लेकरू या घरात कधी नव्हतंच की काय. एका घरी तेराव्यानंतर शेजारच्या काकू आल्या आणि सहज म्हणाल्या, “जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या तो उडी मारूनच यायचा गं.” ती आई त्यानंतर तासभर बोलली. रडली, मधेच हसलीसुद्धा.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात दोन कुटुंबांची मुलं थोड्याच दिवसांच्या अंतराने गेली. तिथले तरुण धर्मगुरू सायमन स्टीफन्स यांच्या लक्षात आलं की हे आईबाप एकमेकांशी मुलांबद्दल बोलतात तेव्हा त्यांना जो आधार मिळतो, तो आपण देऊ शकत नाही. त्यातूनच 1969 मध्ये ‘द कंपॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था उभी राहिली, आणि तिचे गट आज अनेक देशांत आहेत.

कपड्यांचं आणि खेळण्यांचं काय करायचं, कधी करायचं, हे आईबाप ठरवतील. आई दवाखान्यात असताना पाळणा माळ्यावर टाकू नका. बाळ मृत जन्मलं असेल तर ‘बघू नकोस, त्रास होईल’ म्हणून परस्पर मातीला नेऊ नका. तिला विचारा. बघायचं नसेल तर ती सांगेल.

‘दुसरं होईल’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपतं. बाळ गेलं तरी प्रसूतीनंतर दोन-चार दिवसांत आईला दूध येतं. वार बाहेर पडली की शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) एकदम उतरतं आणि दूध सुरू होतं. पाजायला बाळ आहे की नाही, हे शरीराला कळत नाही. ब्लाउज भिजतो, छाती दगडासारखी होते, बाजूच्या खाटेवर दुसऱ्याचं बाळ रडत असतं, आणि असं होईल हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं. अशा वेळी पुढच्या बाळाचं काय बोलता? तिच्यासाठी डॉक्टरांना विचारा की दूध ओसरण्यासाठी काय करायचं. काही आयांना ते दान करावंसं वाटतं. मुंबईत सायन रुग्णालयात 1989 पासून दुग्धपेढी आहे. दान करायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या. ‘ते कुठे पुरतं बाळ होतं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेलं बाळही धरलं होतं. केंद्र सरकारनेही 2022 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी 60 दिवसांची खास रजा दिली.

भावंडांना ‘झोपलंय’ सांगाल तर ती झोपायला घाबरतील. ‘त्याचं शरीर खूप आजारी होतं, ते थांबलं, तो आता परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही’ असं सांगा. शेवटचं वाक्य विसरू नका. लहान मुलं मनातल्या मनात दोष स्वतःकडे घेतात.

बाप मृत्यूचा दाखला आणतो, बिलं भरतो आणि आठवड्याभरात कामावर हजर होतो. भेटेल तो विचारतो, “वहिनी कशा आहेत?” त्याला विचारा, तू कसा आहेस.

राहिलं ‘वर्षभरात सुरळीत’. वर्ष झालं तरी वाढदिवस येतो, जूनमध्ये शाळा सुरू होतात, त्याच्या वयाची पोरं दहावीला बसतात. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भाकरी पोचवतात. ही फार चांगली रीत आहे, पण ती तेराव्याबरोबर संपते. तिसऱ्या महिन्यात डबा न्या. धाकट्याला शाळेत सोडा. वाढदिवसाची तारीख आताच फोनमध्ये नोंदवा आणि त्या दिवशी फोन करा.

दुःख वर्षापुढे राहणं हा आजार नव्हे. पण कित्येक महिन्यांनंतरही रोजचं जगणं ठप्प असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जा. आणि आई किंवा बाप ‘मलाही जायचंय त्याच्याकडे’ असं बोलू लागले, तर पहिल्या दिवशीही थांबू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो, आणि मराठीत बोलता येतं.