‘रविवारची सकाळ वाया गेली’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. एक स्टार दिलात, तोही ‘शून्य देता येत नाही म्हणून’. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शनिवारी आमच्या डोसा पिठाची पिशवी घेतली. रविवारी नाश्त्याच्या वेळी बघितली तर टम्म फुगलेली. पीठ आंबट. पहिले चार डोसे तव्याला चिकटले ते खरवडूनच काढावे लागले, पाचवा सुटला पण पांढराफटक. आणि शेवटचं वाक्य, ‘सोडा घालून पीठ फुगवतात, त्यापेक्षा घरी वाटलेलं बरं.’

आधी आमची चूक. तुम्ही टाकलेल्या फोटोत पिशवीवरचा बॅच नंबर दिसत होता, त्यावरून नोंदवही काढली. ते पीठ घेऊन निघालेली गाडी वाटेत बंद पडली होती आणि पिशव्या जवळपास तीन तास उन्हात उभ्या गाडीत होत्या. ड्रायव्हरने मला फोन करून विचारलं होतं की माल परत आणू का. मी म्हणाले, ‘तीन तासांनी काय होतंय?’ तर तीन तासांनी हे होतं. आम्ही पीठ पुरतं आंबायच्या जरा आधीच थंड करतो, कारण फ्रिजमध्ये 4-5 अंशांवरही आंबणं पूर्ण थांबत नाही, नुसतं मंदावतं. त्या गाडीत त्याला मोकळं रान मिळालं. दुकानात पिशव्या पुन्हा फ्रिजमध्ये गेल्या, पण चढलेला आंबटपणा काही उतरत नाही. ड्रायव्हरचा यात दोष नाही, निर्णय माझा होता.

डोसा पांढरा पडला त्याचं मूळही बहुतेक इथेच आहे. डोशाला तांबूस रंग येतो तो पिठातली साखर आणि प्रथिनं तापल्यामुळे. पीठ जास्त आंबलं की ती साखर जंतूंनी आधीच खाल्लेली असते, शिवाय आम्लपणामुळेही रंग धरत नाही. असं पीठ पुन्हा कधी हाती आलं, आमचं असो की घरचं, तर त्यात अर्धा चमचा साखर आणि दोन-तीन चमचे तांदळाचं पीठ कालवून दहा मिनिटं ठेवा. रंगही येतो आणि आंबटपणाही थोडा झाकला जातो.

सोड्याचा आरोप मात्र मी मान्य करणार नाही. रागाने नाही सांगत, तुमच्याच तक्रारीवरून सांगते. खायचा सोडा आम्लाशी भिडतो आणि त्याला मारतो. आम्ही सोडा घातला असता तर पीठ इतकं आंबट लागलंच नसतं. सोड्याचं पीठ तव्यावर लवकर आणि जास्तच लाल होतं, तुमचा डोसा तर पांढरा होता. आणि सोड्याचा वायू कालवल्याबरोबर बराचसा निघून जातो, म्हणून तर तो घालणारे आयत्या वेळी घालतात. पिशवीत भरून दुकानात पाठवायच्या पिठात सोडा घालणं म्हणजे शुद्ध तोटा.

मग पिशवी फुगली कशाने? उडीद आणि तांदूळ यांच्या अंगावरच जिवाणू असतात. त्यातला मुख्य ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस. नाव जडजंबाल असलं तरी आपल्या इडली-डोशाचा खरा आचारी तोच. तो आम्लही करतो आणि कार्बन डायऑक्साइडही. उडदाच्या चिकट बुळबुळीत द्रवात तो वायू अडकतो, म्हणून पीठ वर येतं आणि डोशाला जाळी पडते. घरच्या पातेल्यात हाच वायू झाकणाखालून निघून जातो, पिशवीत तो दिसतो. आमच्या पिशवीला वरच्या कडेला सुईएवढं भोक असतं ते त्यासाठीच. तुमच्या पिशवीत तिथे पीठ सुकून भोक बुजलं असावं.

आता चिकटण्याबद्दल. इथे थोडा वाटा तुमच्या तव्याचाही आहे, राग मानू नका. दुसऱ्या फोटोत बिडाचा तवा आहे, त्यातून धूर निघतोय आणि मधोमध तेलाचं तळं आहे. मला एवढंच विचारायचंय की त्या तव्यावर एरवी चपात्या होतात का? चपातीचा तवा कोरडाच तापतो. त्याच्यावर तेलाचा जो मुरलेला थर असायला हवा तो जळून जातो आणि जळकं पीठ बारीक भोकांत बसतं. डोशासाठी बिडाचा तवा वेगळाच ठेवावा, हा माझा हट्ट आहे असं घरातले म्हणतात. तो साबणाने घासायचा नाही, पुसून तेलाचा हात लावून ठेवायचा.

दुसरी गोष्ट धुराची. तवा इतका तापला की पीठ पडताक्षणी खालून घट्ट होतं आणि डाव फिरवताना त्याच्याबरोबर गोळा होऊन येतं. मग माणूस घाईने तेल ओततो, त्या तेलावर पीठ घसरतं आणि पसरतच नाही. मी तवा चांगला तापवते, पाण्याचा हबका मारते, अर्धा कांदा तेलात बुडवून पुसून घेते, आच कमी करते आणि मगच पीठ घालते. पाण्याचे थेंब चर्र होऊन लगेच विरले तर ठीक. मोत्यासारखे पळत सुटले तर तवा जास्त तापलाय. डोसा पसरून झाला की आच पुन्हा वाढवायची. कडा आपोआप उचलल्या जाईपर्यंत उलथणं हातात घ्यायचंच नाही. पहिला डोसा माझाही बिघडतो, चार बिघडायला नकोत.

पण यातही आमचा वाटा आहेच. आमच्या लेबलवर ठळक अक्षरात छापलंय, ‘उघडा आणि थेट तव्यावर घाला’. हे वाक्य खोटं आहे. फ्रिजमधलं गार पीठ घट्ट असतं, ते तव्यावर पसरत नाही आणि तवाही गार करतं. ते अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवायला हवं. हवं तेवढंच दुसऱ्या भांड्यात काढून, थोडं पाणी घालून, डावावरून संथ धारेने पडेल असं करायला हवं. ते वाक्य लिहिताना मला ग्राहकाची सकाळची घाई दिसत होती, तवा दिसत नव्हता.

आणि ‘घरी वाटलेलं बरं’ हे तर मला शंभर टक्के पटतं. हे लिहून माझंच एक गिऱ्हाईक जाईल, पण माझं घरचं प्रमाण देते: तीन वाट्या उकडा इडली तांदूळ, एक वाटी उडदाचा पांढरा गोटा, चमचाभर मेथी, रंगासाठी दोन चमचे हरभरा डाळ. शनिवारी दुपारी भिजत घाला, तांदूळ वेगळा आणि डाळी-मेथी वेगळ्या. मूठभर पोहे वाटायच्या आधी भिजवले तरी चालतात. संध्याकाळी आधी उडीद वाटा आणि मिक्सर असेल तर बर्फाचं पाणीच वापरा, कारण मिक्सरचं भांडं तापतं आणि उडीद हलका होत नाही. वाटलेल्या उडदाचा थेंब वाटीभर पाण्यात टाका, तरंगला तर झालं. तांदूळ मात्र अगदी गंधासारखा गुळगुळीत नको, बोटांना बारीक रव्यासारखा लागू दे, कुरकुरीतपणा त्यातच असतो. दोन्ही हाताने कालवा. उन्हाळ्यात मीठ तेव्हाच घाला, आंबणं जरा आवरतं. थंडीत सकाळी घाला. पातेलं निम्मं रिकामं असू द्या, नाहीतर सकाळी ओटा पुसायची वेळ येईल. उकाड्यात आठ तास पुरतात, थंडीत चौदाही लागतात. फुगलेलं पीठ फेटू मात्र नका, डावाने अलगद खालीवर करा.

पिशवीत अजून पीठ उरलं असेल आणि त्यावर गुलाबी, काळे किंवा केसाळ ठिपके असतील तर सरळ फेकून द्या. नुसतंच आंबट असेल तर जाडसर उत्तप्पे घाला, वर भरपूर कांदा आणि हिरवी मिरची. आंबट पिठाला तेच मानवतं.

तुमचे पैसे परत केले आहेत. माल तासाभराहून जास्त वेळ बाहेर राहिला तर तो दुकानात उतरवायचा नाही, हे आता मला न विचारता ड्रायव्हरनेच ठरवायचं आहे. लेबलवरचं ते वाक्यही काढलंय. जुनी लेबलं बरीच छापून पडली आहेत, त्यांवर ‘अर्धा तास आधी बाहेर काढा’ असा रबरी शिक्का मारतोय. तो वाकडा उमटतो, तेवढं चालवून घ्या.