पपईच्या बागेतला प्रश्न ‘जीएम हवे की नको’ एवढाच नाही

शहादा-शिरपूर पट्ट्यात पपईच्या बागेत रिंगस्पॉट हा विषाणूजन्य रोग शिरला की तो ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. शेंड्याची पाने पिवळी-हिरवी चट्टेदार होतात, मग आक्रसून दोरीसारखी लोंबतात, देठावर तेलकट गर्द हिरवे पट्टे उठतात आणि फळावर वलये उमटतात. हा विषाणू मावा पसरवतो. पण तो मावा पपईवर वस्ती करत नाही, येता-जाता सोंड खुपसून पाहतो आणि तेवढ्यात रोग देऊन पुढच्या झाडावर जातो. त्यामुळे फवारण्यांवर कितीही पैसा ओतला तरी रोग हटत नाही आणि शेवटी झाडे उपटून बांधावर टाकावी लागतात.

हवाई बेटांवरील पुना भागात 1992 मध्ये हाच विषाणू पोहोचला आणि तिथली पपईची शेती काही वर्षांत मोडकळीस आली. मूळचे हवाईचेच असलेले वनस्पतिरोगतज्ज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि त्यांचे सहकारी मात्र त्याआधीपासूनच तयारीला लागले होते. त्यांनी विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचे जनुक धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवून ‘जीन गन’ने पपईच्या पेशींत मारले आणि त्या पेशींपासून रोपे वाढवली. बाहेरचे जनुक असे घातलेल्या पिकालाच जीएम म्हणतात. आत आलेल्या त्या जनुकामुळे झाडाची स्वतःची संरक्षण यंत्रणा विषाणूचा संदेश ओळखून तो आधीच तोडून टाकते. 1998 मध्ये ‘रेनबो’ आणि ‘सनअप’ या वाणांचे बियाणे शेतकऱ्यांना मोफत मिळाले, आणि तिथली पपई टिकली. हे संशोधन सार्वजनिक संस्थांतून झाले होते, ही गोष्ट माझ्या लेखी त्या जनुकाइतकीच महत्त्वाची आहे.

तरीही पद्धतीच्या मर्यादा लपवू नयेत. जीन गन असो वा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू वापरून केलेला जनुकप्रवेश असो, नवे जनुक गुणसूत्रावर नेमके कुठे जाऊन बसेल हे आपल्या हातात नसते. अमेरिकन चेस्टनट हे झाड विसाव्या शतकात एका बुरशीमुळे जंगलांतून जवळपास नाहीसे झाले. ती बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडून खोडाची साल मारते. ते आम्ल मोडणारे गव्हाचे जनुक चेस्टनटमध्ये घालून ‘डार्लिंग 58’ तयार झाले. पण ज्या झाडांवर वर्षानुवर्षे चाचण्या चालल्या, ती प्रत्यक्षात ‘डार्लिंग 54’ या दुसऱ्याच वाणाची निघाली, ज्यात नवे जनुक झाडाच्याच एका जनुकात घुसले होते. वाढ आणि तगण्याची क्षमता अपेक्षेपेक्षा कमी दिसल्याने अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनने 2023 च्या अखेरीस पाठिंबा काढून घेतला. वर्षभरात कापून निघणाऱ्या पिकात अशी गफलत पुढच्या हंगामात सुधारता येते. शंभर वर्षे उभे राहणारे, परागकण रानभर उडवणारे झाड मात्र परत बोलावता येत नाही. म्हणून वनवृक्षांच्या बाबतीत परवानगीची घाई मला मान्य नाही.

पपईचे गणित वेगळे आहे. बाग दोन-अडीच वर्षांत निघते, चूक झालीच तर ती आवरता येते, आणि जनुकसंपादनासारख्या नव्या पद्धतीने झाडाच्याच जनुकात ठरलेल्या जागी बदल करता येतो. भारताने 2022 मध्ये बाहेरचे जनुक न राहणाऱ्या अशा संपादित पिकांना जीएम नियमांतील बऱ्याच अटींतून सूट दिली आणि 2025 मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर केले. भाताला जे जमले त्याचा विचार पपईसाठी का होऊ नये?

बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कपाशीने विदर्भाला दोन धडे दिले. बोंडअळीवर सुरुवातीला वचक बसला, पण गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळवली आणि 2017 मध्ये शेतेच्या शेते पोखरली गेली. पुढे तणनाशक-सहनशील कपाशीचा निर्णय रखडला तेव्हा 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी ती उघडपणे, कायदा मोडून पेरली. अशा बियाण्याची ना तपासणी होते ना जबाबदारी कुणावर येते.

म्हणून मागणी ठोस हवी. हवाईचा वाण इथे तसाच आणून भागणार नाही, कारण तो प्रतिकार विषाणूच्या तिथल्या प्रकारापुरताच प्रभावी असतो. आपल्या कृषी विद्यापीठांनी खानदेशातल्या बागांतून विषाणूचे नमुने गोळा करावेत, त्यांवर टिकणारी पपई सरकारी खर्चाने तयार करावी, बदल नेमका कुठे झाला याच्या नोंदीसह चाचण्यांचे सर्व निकाल मराठीत खुले ठेवावेत आणि बियाण्याचा हक्क विद्यापीठाकडेच राहावा.