संगनमत परत केलं तर दंड परत तेवढाच का?

गावाकडं घर बांधलं तेव्हा स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी दुकानदाराचा फोन, दादा उद्यापासून सिमेंटच्या गोणीमागं 30 रुपये वाढलेत. मी म्हटलं दुसऱ्या कंपनीचं दे, तर म्हणे सगळ्यांचेच वाढलेत. सेंट्रिंग लागलेलं, सळई बांधून झालेली, मिक्सरवाला सकाळी सातला येणार, मुकाट 120 गोण्या घेतल्या. त्यात संगनमत, म्हणजे कंपन्यांनी आपसात ठरवून भाव वाढवणं, होतं असा पुरावा माझ्याकडं नाही, पण तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

2007 ला एमआरटीपी कमिशननं (मक्तेदारी रोखायला नेमलेला तेव्हाचा सरकारी आयोग) सिमेंट कंपन्यांना संगनमतात दोषी धरलं, पण त्या जुन्या कायद्यात दंडाची सोयच नव्हती, नुसतं पुन्हा करू नका एवढंच. मग बिल्डर्स असोसिएशनच्या तक्रारीवर कॉम्पिटिशन कमिशननं (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारा सरकारी आयोग) 2012 ला 11 कंपन्यांना मिळून 6,300 कोटींच्या वर दंड लावला. कारखान्याची क्षमता असून माल कमी काढला आणि भाव चढवले, असा ठपका होता. कार्टेलला, म्हणजे असं संगनमत करणाऱ्या कंपन्यांना, नफ्याच्या तिप्पट दंड लावायची मुभा कायद्यात आहे, लावला किती तर दोन वर्षांच्या नफ्याच्या निम्मा! म्हणजे पकडलं गेलं तरी निम्मा नफा खिशातच. तोही आदेश 2015 ला सुनावणीच्या मुद्द्यावर रद्द झाला, 2016 ला दंड परत लावला, आणि 2018 ला सुप्रीम कोर्टानं 10 टक्के भरायला सांगून अपील दाखल करून घेतलं. कंपन्यांना आरोप मान्य नाहीत, अपील हा त्यांचा हक्कच आहे, पण तिथं पोचायलाच 6 वर्षं गेली. मधेच 2017 ला हरियाणा सरकारच्या टेंडरमधे संगनमत केलं म्हणून 7 सिमेंट कंपन्यांना 206 कोटींचा दंड, आणि त्यात आधीच्या यादीतली नावं परत होती.

दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर 10 हजार दंड, दुसऱ्यांदा 15 हजार आणि तुरुंगवासाची मुदतही सहा महिन्यांवरून दोन वर्षांवर जाते. साध्या माणसाला दुसऱ्या चुकीचा हिशोब वेगळा, मग कंपनीला का नाही? माझं स्पष्ट मत, दुसऱ्यांदा सापडली की दंड नफ्याच्या खाली येताच कामा नये, तिसऱ्यांदा थेट तिप्पट, आणि ज्या अधिकाऱ्यांनी भाव ठरवले त्यांच्या स्वतःच्या खिशातून वसुली. कायद्यात व्यक्तीला जबाबदार धरायची तरतूद आहेच की, ती वापरा.

आणि दंड जातो सरकारी तिजोरीत, ज्यानं कर्ज काढून महाग गोणी घेतली त्याला आपोआप एक रुपया मिळत नाही, भरपाईसाठी वेगळं भांडायला लागतं. कोण जाणार 3,600 रुपयांसाठी दिल्लीला?

ज्यांनी इतक्यात बांधकाम केलंय त्यांनी तुमच्याकडं भाव कधी आणि किती वाढले ते कमेंटमधे लिहा, बिलं असतील तर जपून ठेवा.